एकमेकांचं मन राखताना

लुत्सिना श्पाकची उभी हयात पोस्टाच्या खिडकीमागे गेली. आमच्या क्रास्नीस्ताव गावात कुणाच्या मुलाचं पाकीट आयर्लंडहून दर महिन्याला येतं, कुणाचं येता येता थांबलं, कुणाची पेन्शन सून उचलून नेते, हे सगळं तिला माहीत असायचं. पण तिच्या तोंडून कधी चकार शब्द बाहेर पडला नाही. पोस्टाने माणसं कमी केली तेव्हा तिचीही खिडकी बंद झाली, आणि त्याच वर्षी लुब्लिनहून आलेला एक संशोधक, डॉ. नाव्रोत, गावात घरोघरी फिरून मुलाखती घेणारं माणूस शोधत होता. पाद्रीबुवांना विचारलं, दवाखान्यात विचारलं, सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

नाव्रोत तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत म्हणाला, "लुत्सिनाबाई, माणूस कुणाला मत देतो हे त्याच्या पगारावरून मला कळत नाही, शाळेवरून तर नाहीच. त्याच्या शेजारच्या उशीवर कोण झोपतं ते सांगा, मग थोडंफार कळतं."

"आणि कळून काय करणार?" लुत्सिनाने विचारलं.

"काही नाही," तो हसून म्हणाला. "एका घरातली माणसं हळूहळू एकाच बाजूला जातात. ते प्रेमाने होतं की कंटाळ्याने, एवढं मला समजून घ्यायचंय."

काम सोपं होतं. ठरलेली जोडपी होती. प्रत्येक निवडणुकीआधी आणि नंतर त्यांच्याकडे जायचं. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या. दार लावून घ्यायचं, रेडिओ थोडा मोठा करायचा. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळता कामा नये, आणि समोरचा काहीही बोलला तरी आपल्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. हे शेवटचं लुत्सिनाला शिकवावंच लागलं नाही. खिडकीमागे बसून तिचा चेहरा आधीच तसा झाला होता.

सुरुवातीला तिला या कामाची गंमत वाटायची. टॅक्सीवाला विटोल्ड बाराबाश आणि त्याची बायको रेगिना हे तिचं आवडतं घर. रेगिना कपडे उसवून-शिवून द्यायची. लुत्सिना तिला घेऊन शिवणाच्या खोलीत बसली की बाहेरून विटोल्डचा आवाज यायचा, "सांग गं, सांग, आपण कुणाला देतो ते!"

"सांगते, सांगते!" रेगिना ओरडायची. मग टाचणी तोंडात धरून पुटपुटायची, "आपण म्हणे! मेला, मला डॉक्टरकडे एकटीला पाठवतो, पण मत द्यायला मात्र आपण."

एकदा मात्र तिने टाचणी तोंडातून काढली आणि हळूच म्हणाली, "लुत्सिनाबाई, मी एकदा वेगळं दिलं होतं हो. मनात आलं, दिलं. पण मग दिवसभर त्याच्याकडे बघवेना. परक्या पुरुषाकडे जाऊन आल्यासारखं झालं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, बिचारा बटाटे सोलून देत होता. पुन्हा नाही दिलं मी तसं."

लुत्सिनाने ते उत्तर नोंदवलं आणि पुढचा प्रश्न विचारला. घरी येताना तिला हसू येत होतं. झेनॉनला सांगावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

झेनॉन तिचा नवरा. बसच्या डेपोत मेकॅनिक होता. इंजिनांच्या धडधडाटात त्याचे कान लवकर गेले, पण स्वभाव मऊ. लग्नापासून दोघांत मोठ्याने भांडण असं झालंच नाही. एकोणनव्वद साली, कम्युनिस्टांची पकड सुटताना, पहिलं खरं मतदान झालं तेव्हा दोघं हातात हात घालून गेले होते, आणि कुणाला द्यायचं हे एकमेकांना विचारायची गरजही पडली नव्हती. त्या दिवसाचा झेनॉनला फार अभिमान. "आमच्यात कधी वाद नाही," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

निवृत्त झाल्यावर तो सकाळपासून सरकारी वाहिनी लावून बसू लागला. कानांमुळे आवाज इतका मोठा, की जिन्यात ऐकू जाई. त्यात रोज कुणी ना कुणी देश विकत असायचं, कुणी ना कुणी धर्म बुडवत असायचं. झेनॉन मधूनच "हं" म्हणायचा. लुत्सिना स्वयंपाकघरातून तो हुंकार ऐकायची आणि मनाशी म्हणायची, म्हणजे याला पटतंय. एकदा जेवताना बातम्यांत कुठल्या तरी मिरवणुकीची चित्रं दाखवत होते. याला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "काय दिवस आलेत." झेनॉनने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि सूप ओढून घेतलं. त्यानंतर निवडणूक आली तेव्हा ती सत्ताधारी पक्षाच्या नावापुढे मताची फुली मारून आली. फार जड गेलं नाही. घरात शांतता होती, आणि त्या वयात माणसाला आणखी काय हवं असतं?

त्यांची एकुलती एक मुलगी किंगा व्रोत्सवाफला राहायची. ती यागोदा नावाच्या बाईबरोबर घर करून राहते हे दोघांना माहीत होतं. ते कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, एवढंच. यागोदा चारदोनदा घरी आली होती. झेनॉनने तिला आपली बाग दाखवली होती, तिच्या गाडीचा पट्टा बदलून दिला होता. "पोरीचा हात चांगला आहे, स्क्रू बरोबर धरते," असंही म्हणाला होता.

मग दोन हजार वीसचा उन्हाळा आला. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली होती, दुसरी व्हायची होती, आणि प्रचार सगळा किंगा-यागोदासारख्या माणसांवर येऊन ठेपला होता. सभेत कुणीतरी म्हणालं, ही माणसं नव्हेतच, बाहेरून आणलेलं खूळ आहे. ते वाक्य झेनॉनच्या टीव्हीवर दिवसभर वाजत राहिलं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये लुत्सिनाच्या नावाच्या संताचा दिवस होता, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच साजरा करतात. किंगा एकटीच आली, स्ट्रॉबेरीचा केक घेऊन. बिटाचं गार सूप झालं, केक कापला. मग किंगाने उठून टीव्ही बंद केला आणि पुन्हा येऊन बसली.

"मला तुमच्याकडून एकच हवंय," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी थांबा. दुसऱ्याला द्या असं मी म्हणत नाहीये. फक्त जाऊ नका. मला मोठ्याने कुणाला सांगायचं नाही, भांडायचं नाही. मला फक्त माहीत असू दे, की माझ्या आईवडलांनी त्या लोकांच्या नावापुढे फुली मारली नाही."

झेनॉनने लुत्सिनाकडे पाहिलं. लुत्सिनाने झेनॉनकडे. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. म्हणजे याला नकोय, तिच्या मनात आलं. आता मी हो म्हटलं तर मुलीसमोर याला एकटं पाडल्यासारखं होईल. तिचा तो खिडकीमागचा चेहरा आपोआप वर आला आणि ती म्हणाली, "मत गुप्त असतं, बाळा."

किंगाने हातातला चमचा खाली ठेवला. "मी तुझ्या मुलाखतीतली बाई नाही, आई," एवढंच म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

मतदानाच्या रविवारी चर्चमधून परतताना दोघं शाळेत शिरले. रांगेत झेनॉनने तिच्यासाठी दार धरलं. संध्याकाळी किंगाचा फोन आला.

"गेला होतात?"

"हो."

"कुणाला?"

लुत्सिनाला खोटं बोलता आलं असतं. पण तिला वाटलं, निदान एवढं तरी खरं सांगावं. "बाबांनी दिलं त्यांनाच," ती म्हणाली.

पलीकडून श्वासाचा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्या हिवाळ्यात किंगा आणि यागोदा बेल्जियमला गेल्या. गेंटहून एक पत्ता कळवला, नाताळला छापील कार्ड आलं, त्याखाली फक्त सही. झेनॉन कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. लुत्सिना म्हणाली, "कामात असेल." तो म्हणाला, "हो, नवीन देश, नवीन काम."

त्यानंतर लुत्सिनाने मुलाखतींचं काम सोडलं. नाव्रोतला तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण असं, की दार लावून एखाद्या बाईसमोर बसल्यावर प्रश्न विचारायची तिला भीती वाटू लागली होती. घराघरांतून "आम्ही, आम्ही" ऐकताना तिला पूर्वी हसू यायचं. आता वही मिटून उठावंसं वाटायचं.

तेवीस सालच्या निवडणुकीआधी, प्लम पिकायच्या दिवसांत, दारात एक मुलगी उभी राहिली. इडा तिचं नाव. नाव्रोतचंच काम करत होती. जुनी बरीच जोडपी गळाली होती, कुणी वारलं, कुणी फारकत घेतली, म्हणून चिठ्ठ्या टाकून नवीन घरं निवडली होती, त्यात श्पाकांचं निघालं.

"मी हेच काम करायचे," लुत्सिना दारातूनच म्हणाली. "आमचं घर चालणार नाही तुला."

"डॉक्टरसाहेबांना विचारलं मी. तुम्ही सोडून बराच काळ झाला, आता चालतं म्हणाले."

आतून झेनॉन ओरडला, "कोण आहे? तुझ्या कामाची पोर आहे का? ये म्हण तिला! चहा दे!"

इडा आधी झेनॉनबरोबर बसली. लुत्सिनाने स्वतः दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मुरांब्यासाठी प्लमच्या बिया काढायला लागली. पण झेनॉनला ऐकू यावं म्हणून मुलीला ओरडून विचारावं लागत होतं, आणि झेनॉन तर बोलायचाच ओरडून. दार असून नसल्यासारखं होतं. लुत्सिनाने नळ सोडला, पण तरी शब्द येतच राहिले.

"गेल्या वेळी तुम्ही कुणाला मत दिलंत?"

"सरकारवाल्यांना!"

"का दिलंत?"

झेनॉन खाकरला. मग झेनॉनचा आवाज, "बायकोसाठी."

"त्यांनी तसं सांगितलं होतं का?"

"छे! ती कशाला सांगेल? ती कधी काही सांगत नाही. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढली की कळतं, पोरी. देवाधर्माची बाई आहे. तिला तेच लोक बरे वाटतात. त्यांचं चालू असलं की ती स्वयंपाकघरात निवांत असते. म्हणून मी टीव्ही लावून ठेवतो."

"आणि तुम्हाला स्वतःला?"

"मला? मला त्यांचं थोबाड बघवत नाही!" झेनॉन हसला. "पण म्हातारपणी घरात आग कशाला लावायची?"

"या विषयावरून घरात कधी मतभेद झाले?"

"नाही, कधीच नाही," झेनॉन म्हणाला. आणि मग, तितक्याच मोठ्याने, "मुलगी गेली. पण मतभेद नाही झाले."

लुत्सिनाच्या हातात सुरी तशीच राहिली. नळ वाहत होता. परातीतल्या प्लमच्या फोडी काळ्या पडायला लागल्या तरी तिला भान नव्हतं. इडा दार उघडून आत आली, खुर्ची ओढून समोर बसली, वही उघडली.

"सुरू करू या, लुत्सिनाबाई? प्रश्न तर तुम्हाला पाठच असतील." ती गोड हसली. "तुमच्या यजमानांनी गेल्या वेळी कुणाला मत दिलं असं तुम्हाला वाटतं?"

"सरकारवाल्यांना."

"का दिलं असावं त्यांनी?"

"ते मला आत्ताच कळलं," लुत्सिना म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. तिने दाराकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंत. अरे देवा. मग ही मुलाखत मला रद्द करावी लागेल, काकू."

"कर बाई. रद्द कर."

इडा गेल्यावर लुत्सिना बैठकीत आली आणि तिने टीव्ही बंद केला. झेनॉन दचकला. "काय झालं? वीज गेली?"

"मी तुझ्यासाठी देत होते!"

"काय?"

"मत! तुझ्यासाठी देत होते, म्हणते! तुला पटतंय असं वाटायचं मला!"

आयुष्यात कधी आवाज न चढलेल्या त्या घरात आता प्रत्येक शब्द ओरडून बोलावा लागत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी लावून घेतली.

झेनॉनने आधी नीट समजून घेतलं. मग त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "पण किंगा आली होती तेव्हा तूच म्हणालीस ना, मत गुप्त असतं?"

"तू गप्प बसलास म्हणून!"

"मी तुझ्याकडे बघत होतो, लुत्सू. तू काय म्हणतेस म्हणून बघत होतो."

"मीही तुझ्याकडेच बघत होते!"

तो सोफ्यावर टेकला. मग एकदम त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "अगं, पण हे तर चांगलं झालं! तिला फोन कर. सांग तिला, आमच्या मनात नव्हतंच. गैरसमज झाला म्हणावं. आईबापांचा एवढा गैरसमज कोण माफ करणार नाही?"

लुत्सिनाने फोन लावला. आश्चर्य म्हणजे किंगाने उचलला. मागे कुणीतरी ताटं लावत होतं, यागोदाच असणार. लुत्सिनाने सगळं सांगितलं, इडाची मुलाखत, नळ, झेनॉनचं बोलणं. किंगाने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला दोघांनाही ते नको होतं."

"नको होतं गं, बाळा. शपथ."

"आणि दोघांनीही दिलंत."

लुत्सिनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, मला इतके दिवस वाटायचं, तुमचा विश्वासच तसा आहे. निदान बाबांचा. विश्वासापुढे कुणाचं काय चालतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. रोज घालत होते. आता तीही काढून घेतलीस." तिचा आवाज चढला नाही. "एकमेकांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून. एवढ्यासाठी. तुमच्या घरात माझी किंमत एका अवघडलेल्या दुपारपेक्षा कमी होती."

"किंगा, असं नको ना बोलू."

"मी रागावलेली नाही. खरंच नाही. पण पुन्हा फोन करू नकोस."

लुत्सिना फोन हातात धरून उभी राहिली. झेनॉन सोफ्याच्या कडेवर सरकून बसला होता, कानामागे हात धरून. "काय म्हणाली?"

त्याचं ते तोंड बघून तिला खरं सांगवलं नाही.

"बरी आहे म्हणाली!" ती ओरडली. "विचार करते म्हणाली!"

"मग येणार!" झेनॉन म्हणाला. "मला माहीतच होतं. मनाने चांगली आहे पोर."

दुसऱ्या दिवसापासून त्याने किंगाची खोली आवरायला घेतली. भिंतीला रंग दिला, एकीच्या जागी दोघींना पुरेल असा पलंग बागेतल्या शेडमध्ये ठोकून तयार केला, आणि तो जिन्यातून वर आणताना खालच्या शेजाऱ्याला सांगितलं, "मुलगी येतेय. मैत्रिणीला घेऊन." त्याला तसं मोठ्याने, कुणासमोर म्हणताना लुत्सिनाने पहिल्यांदाच ऐकलं. ती वरच्या पायरीवर उभी होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "जपून, कोपरा भिंतीला लागेल."

ऑक्टोबरात मतदान झालं. शाळेच्या व्यायामशाळेबाहेर कधी नव्हे एवढी रांग होती, तरणी पोरं, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. झेनॉन नवा शर्ट घालून आला होता आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांशी बोलत होता. लुत्सिना कागद घेऊन पडद्यामागे गेली. आता कुणाचं मन राखायचं नव्हतं. तिने नावं वरपासून खालपर्यंत वाचली. आपल्याला यातलं काय हवंय, हे तिने स्वतःला विचारलं, जसं ती इतकी वर्षं परक्या स्वयंपाकघरांत विचारत आली होती तसंच, स्पष्ट आणि सावकाश. आणि आतून काही उत्तरच आलं नाही. रिकाम्या घराची घंटा वाजवल्यासारखं झालं. पडद्याबाहेर झेनॉन कुणाला तरी हसून सांगत होता, यंदा सरकार पडणार. लुत्सिनाने विरोधी पक्षापुढे फुली मारली. ती फुलीही झेनॉनसाठीच होती, हे तिला मारता मारता कळलं.

मोजणी संपली त्या दुपारी खरंच सरकार पडल्याची बातमी आली. झेनॉन रडायला लागला. शेजाऱ्याने चेरीचं मद्य आणलं, दोघांनी उभ्याउभ्याच घेतलं. मग शेजारी गेला, आणि झेनॉन डोळे पुसत म्हणाला, "आता फोन कर तिला. आता काय अडचण राहिली? नाताळला या म्हणावं."

"कामावर असेल ती."

"मग काय झालं? आजच्या दिवशी बापाचा फोन नको?"

लुत्सिना फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, जिथे कोट टांगतात. फोन कानाला लावला. बटण दाबलं नाही.

"हॅलो, किंगा?" ती मोठ्याने म्हणाली, भिंतीपलीकडे बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हो, आम्हीही ऐकलं! बाबा फार खूश आहेत! हो. हो. यागोदा कशी आहे? बरं झालं. हो, सांगते त्यांना."

ती थोडा वेळ थांबली, पलीकडचं माणूस बोलून होईपर्यंत थांबावं तशी. झेनॉनच्या कोटाची बाही तिच्या गालाला लागत होती.

"काय म्हणते?" आतून झेनॉनने विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून बोलतेय."